एकटे आलेले शिसे

भाद्रपदातल्या एका दमट दुपारी दूरच्या प्रयोगशाळेतून माझ्या दगडांचे निकाल आले. संगणकाच्या पडद्यावर आकड्यांची लांबलचक चटई उलगडत गेली आणि माझी नजर एका रांगेत अडकून बसली. ती रांग शिशाची होती. राधानगरीच्या जंगलाकडून आणलेले दगड, नदीकाठचे दगड, खाणीतले दगड, सगळ्यांत शिसे नेहमीसारखे, म्हणजे नसल्यासारखेच होते. जोतिबाच्या डोंगरमाथ्यावरच्या दगडांत मात्र ते कितीतरी पटींनी वाढलेले होते.

मी अग्निजन्य खडकांच्या रसायनाचा अभ्यास करते. आपण ज्या कवचावर घरे बांधतो त्याच्या पुष्कळ खाली प्रावरण नावाचा थर आहे. तो घनच आहे, पण अतिशय संथपणे, माणसाच्या नखांच्या वाढीसारखा सरकत असतो. त्याचा थोडा भाग कधी वितळतो, वाट काढत वर येतो, जमिनीवर पसरतो आणि थिजतो. आमच्या बाजूचा काळा पाषाण असाच थिजलेला आहे. देवळाचे खांब, घाटाच्या पायऱ्या, आमच्या स्वयंपाकघरातला पाटा, सगळे एके काळी वाहत होते. वर येताना वितळलेल्या द्रव्याने वाटेतले जुने कवच गिळले होते की ते निर्मळच आले, हे दगडातल्या अत्यल्प मूलद्रव्यांवरून ओळखता येते. जोतिबाच्या माथ्यावरच्या थरांनी वाटेत काही गिळले आहे का, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. जुन्या कवचात शिसे अधिक असते. म्हणजे उत्तर आले होते.

माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्या टेबलामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चहाचा आल्याचा वास माझ्या खांद्यावरून पुढे आला.

“हे बघितलंस?”

“बघितलं, मॅडम.”

“अगं मग तोंड असं का? लोकांची वर्षं जातात असा एक आकडा मिळायला. तुझं तिसरं प्रकरण झालं म्हणून समज.”

त्या गेल्या, आणि त्यांचा आनंद खोलीत मागे राहिला. मला तो उचलून घेता येईना.

माझे वडील शाळेत मराठी शिकवत. जेवताना ताटाच्या काठावर बोटाने लघु-गुरू वाजवीत त्यांनी मला वृत्ते शिकवली. मी रचलेली ओळ म्हणू लागले की त्यांचे बोट चालू लागे आणि जिथे एखादी मात्रा जास्तीची होई तिथे ते थांबे. ते चूक सांगत नसत. फक्त बोट थांबे, आणि आमटीची वाफ तेवढी हलत राही. मी पुढे कवितेऐवजी दगड निवडले, पण ते थांबलेले बोट माझ्याबरोबर आले. आता ते शिशाच्या रांगेवर थांबले होते.

कारण शिसे एकटे आले होते. जुने कवच गिळून आलेला दगड एकच गोष्ट घेऊन येत नाही. थोरियम वाढते, बेरियम वाढते, आणखी काही मूलद्रव्ये गोतावळ्यासारखी बरोबर येतात. लग्नाला एकटाच पाहुणा यावा, त्याच्याबरोबर ना बायको, ना पोरे, ना पिशवी, आणि त्याने थेट पहिल्या पंगतीत बसावे, तसे ते शिसे माझ्या तक्त्यात बसले होते. त्याला कोणी बोलावले, हे कोणालाच माहीत नव्हते.

मी मॅडमना हे सांगितले. त्या म्हणाल्या, गंधकयुक्त खनिजांतून एकटे शिसे येऊ शकते, तो धागा धरून वाच. मी वाचले, पण पटले नाही. माझ्या आत बारीक, सतत चालणारी कंपने सुरू झाली. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला भिंतीतून जाणवावीत तशी. रस्त्याने जाताना लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांच्या बाजूने येणारा तापल्या वाळूचा वास आला की मी थबकत असे. या धुरातून तर नसेल? दगड फोडायच्या यंत्राचे जबडे पोलादी आहेत, त्यातून असेल? नमुने घोटायच्या अकीक दगडाच्या खलात माझ्या आधी कोणी काही भलतेच घोटले असेल? मी एकेक वाट तपासत गेले. पण त्याच यंत्रात, त्याच खलात राधानगरीचे दगडही दळले गेले होते, आणि ते स्वच्छ होते. प्रत्येक वाट बंद झाली की मॅडमचे म्हणणे खरे ठरण्याची शक्यता वाढत होती, आणि माझी भीतीही. काळ्या पाषाणात शिसे इतके थोडे असते की बाहेरून आलेले चिमूटभरही त्याचा इतिहास बदलून टाकू शकते. मी जर ती चिमूट शोधली नाही, तर पाताळाच्या नावावर एक खोटी गोष्ट छापली जाणार होती, आणि तिच्याखाली माझे नाव असणार होते.

वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. आईचे माहेर राधानगरीच्या बाजूचे. इतकी वर्षे शहरात राहूनही तिच्या बोलण्यातली तिकडची माती गेलेली नाही. माझे जेवण कमी झाले हे तिच्या लगेच लक्षात आले. एका संध्याकाळी ती भाकरी थापत होती. परातीतल्या पिठावर तिच्या तळव्यांचा तो मऊ, ओला आवाज चालू होता.

“काय झालंय तुला? पंधरवडा झाला, ताटात नुसती बोटं फिरवतीस.”

“दगडांचं काहीतरी चुकतंय, आई.”

“कुठल्या दगडांचं?”

“जोतिबाच्या.”

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि अगदी निश्चिंत आवाजात म्हणाली, “मग तर अजिबात काळजी करू नगंस. त्यास्नी मी गुलाल लावलाय की.”

तव्यावरचे पाणी चरचरले.

“काय लावलंयस?”

“गुलाल. तू कड्याकडं गेलतीस, मी झाडाखाली राखण बसलोतो न्हवं? देवाच्या डोंगराचा धोंडा असाच उचलून आणत्यात व्हय? एकेकाला गुलाल लावला, खोबरं ठेवलं, म्हटलं, देवा, पोरीला शिकायला पायजे, नेऊ दे. सगळ्यास्नी लावलाय. एक बी सोडला न्हाय.”

तिने मला धीर देण्यासाठी हे सांगितले होते. तिच्या चेहऱ्यावर चुलीच्या आचेसारखे समाधान होते.

तो दिवस मला पुन्हा पहिल्यापासून दिसू लागला. चैत्राची यात्रा नुकतीच आटोपली होती. जोतिबा आमचे कुळदैवत. मी दगडांसाठी निघाले तेव्हा आई दर्शनासाठी बरोबर आली. सारा डोंगर गुलाबी होता. रस्ता गुलाबी, दुकानांची ताडपत्री गुलाबी, निवांत पडलेल्या कुत्र्यांच्या पाठी गुलाबी. हवेत दवण्याचा कडसर, हिरवा वास आणि त्याखाली घशात बसणारा गुलालाचा कोरडा गोडवा. मी माथ्याच्या कडेने दगड फोडून आणत होते आणि आईपाशी एका सपाट खडकावर ओळीने ठेवून पुन्हा जात होते. परत आल्यावर ते गुलाबी दिसले असतील, नक्कीच दिसले असतील. पण त्या डोंगरावर गुलाल दिसत नाही. गुलाल न लागलेली जागा असेल तर ती दिसते. परमुलखातून आलेल्या कोणा अभ्यासकाने ती गुलाबी भुकटी पाहताच दगड टाकून दिले असते. मी मात्र तिथली होते. माझ्यासाठी ती नुसती धूळ होती. मी घरी येऊन नळाखाली दगड धुतले, गुलाबी पाणी मोरीतून वाहून गेले, आणि यात्रेनंतर केस धुताना जसे काही वाटत नाही तसे मला काहीच वाटले नाही.

माथ्यावरचे ते दगड सच्छिद्र होते. लाव्हा थिजताना त्यातले वायू निसटून जातात आणि मागे बुडबुड्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरतात. मी पाणी ओतले तेव्हा त्या पोकळ्यांनी तहानलेल्यासारखा गुलाल आत ओढून घेतला असणार.

दुसऱ्या दिवशी न दळलेला एक तुकडा मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काळ्या, चकाकत्या भिंतींची एक छोटी गुहा डोळ्यापुढे आली. तिच्या तळाशी, जिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी एक बुडबुडा होता, तिथे गुलाबी रंग बसला होता. इतका ताजा, इतका ओळखीचा, की मला क्षणभर दवण्याचा वास आला.

मी मॅडमच्या खोलीत गेले. “मॅडम, ते शिसं कदाचित दगडाचं नाही.”

“मग कुणाचं आहे?”

“आईचं,” मी म्हणाले, आणि मग सगळे सांगितले.

त्या आधी मोठ्याने हसल्या. “माझ्या सासूबाईंनी माझ्या नव्या गाडीच्या दिव्यांवर हळदकुंकू असं थापलं होतं, की महिनाभर रस्ता केशरी दिसत होता.” मग त्यांचे हसू हळूहळू विझले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी परिषदेला या निष्कर्षाचा सारांश पाठवलाय. तुझ्या नावानं.”

“परत घेता येईल?”

“येईल. लाज वाटेल, पण येईल.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “हे बघ, पोकळीत गुलाल आहे एवढंच तू पाहिलंस. त्यात शिसं आहे हे अजून कुणी पाहिलेलं नाही. कदाचित दोन्ही खरं असेल, दगडही आणि गुलालही. नवे दगड आण. पोकळ्या नसलेले, थराच्या मधल्या भागातले. आणि तो गुलालही पाठव तपासायला. मग काय रडायचं ते एकदाच रडू.”

गुलाल पाठवायचा म्हणजे आईला मागायचा.

तिची डबी देवघरात असे, पितळेची, झाकणावर तिच्या अंगठ्याने झिजलेली एक गुळगुळीत जागा. सणाला आणि दर रविवारी ती देवाला गुलाल वाहत असे, मग स्वतःच्या कपाळाला, मग माझ्या. आणि खोबऱ्याची वाटी गुलालात टेकवून तिचे तुकडे आम्हा दोघींच्या हातावर ठेवत असे. मी दोन दिवस शब्द जुळवले. शेवटी ती वाती वळत बसली असताना म्हणाले, “आई, त्या डबीतला थोडा गुलाल मला पाहिजे. तपासायला.”

तिचे हात थांबले. “देवाचा गुलाल तपासणार?”

“देवाचा कोण तपासतंय? व्यापाऱ्याचा तपासायचाय. बाजारातून पुडी आणलीस ना तू?”

“आणली आठवडी बाजारातनं. पर वाहिला की देवाचा झाला.” तिने हातातली वात खाली ठेवली. “माझ्यामुळं बिघडलं व्हय गं तुझं?”

या प्रश्नाला मी घाबरत होते. खरे उत्तर मला अजून माहीत नव्हते आणि खोटे तिला कळले असते. “माहीत नाही,” मी म्हणाले. “तेच बघायचंय.”

तिने डबी उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. स्वतः चिमूट काढून दिली नाही. मी प्लास्टिकच्या चमच्याने थोडा गुलाल कुपीत घेतला. तेवढा वेळ ती भिंतीकडे तोंड करून वाती वळत होती.

कार्तिक सरत आला तेव्हा आम्ही पुन्हा डोंगरावर गेलो. मी एकटी जाणार होते. आई म्हणाली, न विचारता दगड आणायचे नाहीत, आणि विचारायला मी येणार. या वेळी गुलाल बरोबर घ्यायचा नाही, हे तिने मान्य केले होते. पण तिच्या मान्य करण्यावर माझा पुरता विश्वास नव्हता. वाटेत मी दोनदा तिच्या पिशवीकडे पाहिले, आणि तिने ते दोन्ही वेळा पाहिले.

“बघ की उघडून. पाण्याची बाटली हाय अन् तुझी दशमी हाय.”

देवळाकडे जाताना पूजेचे साहित्य विकणाऱ्या एका बाईने आम्हाला गाठले. तिच्यापुढे गुलालाची पाटी होती, मधोमध बोट बुडवल्यासारखा खळगा. “या की पावणं! गुलाल-खोबरं घ्या.”

“नगं आज,” आई म्हणाली.

“नगं?” बाई उठून उभीच राहिली. “डोंगरावर येऊन गुलाल नगं? सुतक-बितक हाय काय?”

“सुतक न्हाय ओ. पोरीला दगुड न्यायचंत.”

“दगुड न्यायला कुणी नगं म्हटलंय? अन् गुलालाचं काय वाकडं हाय त्यात?” असे म्हणत तिने, इथली कोणीही बाई लावील तसा, प्रेमाने माझ्या कपाळाकडे हात आणला. तो हात मनगटापर्यंत गुलाबी होता.

मी मागे सरकले. इतकी झटकन, की हातोडा खांद्यावरून घसरला. बाईचा हात हवेतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी गुलाल चुकवला होता.

आई मध्ये आली. “मला लावा, अक्का. माझ्या कपाळाला लावा. तिचा बी माझ्याच कपाळाला लावा.”

बाईने आईचे कपाळ माखले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “शिकल्याली हाय न्हवं? दिसतंय.”

पुढे नळावर आईने आपणहून हात धुतले. साबण मागून घेतला, नखांतही घासले. मग आम्ही माथा सोडून खालच्या वळणावर गेलो, जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे आणि त्याच थराचा घट्ट, पोकळ्या नसलेला गाभा उघडा पडला आहे. आई वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बरीच लांब उभी राहिली. मी तिला तसे सांगितले नव्हते. कपाळाचा गुलाल दगडांकडे उडू नये म्हणून, गवताची कुसळे कोणीकडे लवतात हे पाहून तिने स्वतःच जागा निवडली होती. तिथून तिने हात जोडले, आणि रिकाम्या हातांनी, मोठ्या आवाजात देवाला विचारले, शेजारच्या बांधावरून हाक मारावी तसे, “नेऊ का रं?” मग थोडी थांबली. मग मला खूण केली.

मी हातोडा उचलला. घट्ट पाषाणावर घाव बसला की घंटेसारखा स्वर येतो आणि पाठोपाठ जळक्या दगडाचा बारीक वास. ताजी कपची निळसर काळी होती, आजवर कोणीही न पाहिलेली. ती मी नव्या पिशवीत बांधली. परतीच्या बसमध्ये मी ती पिशवी मांडीवर धरून बसले आणि आईच्या गुलाबी कपाळापासून थोडी दूर, खिडकीकडे सरकून बसले. मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली. आई समोर बघत होती.

माघात निकाल आला. मी आधी नवे दगड पाहिले. शिसे नेहमीसारखे, नसल्यासारखे. थोरियम, बेरियम, सगळे आपापल्या मात्रेत. जोतिबाच्या माथ्यावरच्या थराने वाटेत काही गिळल्याची खूण नव्हती. तो इतरांसारखाच साधा, निर्मळ वर आला होता. ओळ वृत्तात बसली, बोट चालू लागले, आणि माझे तिसरे प्रकरण त्या चालत्या बोटाखाली निघून गेले. मॅडमनी त्याच दिवशी सारांश मागे घेतला. मला कळवताना एवढेच म्हणाल्या, “साधा दगड आहे हेही कुणीतरी सांगावं लागतंच की.” त्यांचा आवाज थकलेला होता.

मग मी कुपीचा आकडा पाहिला. तो पाहून मी आधी प्रयोगशाळेला विचारले, काही चूक तर नाही ना. त्यांनी पुन्हा मोजून तोच पाठवला. माझ्या सर्व दगडांत मिळून जेवढे शिसे नव्हते तेवढे त्या चिमटीत होते. परके शिसे कुठून आले हे आता कळले होते, आणि त्या कळण्याने महिनोन्‌महिने चाललेली ती कंपने थांबायला हवी होती. ती थांबली नाहीत. त्यांनी फक्त जागा बदलली.

तो आकडा पुन्हा आला त्या रविवारी मी घरी आले तेव्हा सकाळ अजून चालू होती. आई देवघरासमोर बसली होती. तिने गुलाल वाहिला होता, कपाळाला लावला होता, आणि खोबऱ्याची वाटी हातात घेतली होती.

“आलं का तुझं?” तिने न वळता विचारले.

“आलं. दगड चांगला आहे, आई. दगडात काहीच नव्हतं.”

“मग माझ्यामुळंच झालं म्हण की.”

“तुझ्यामुळं नाही. त्या पुडीमुळं.” मी तिच्याजवळ खाली बसले. “आई, गुलालात शिसं आहे. पुष्कळ आहे. ते अंगात गेलेलं चांगलं नसतं. आता हा लावायचा नाही. आणि ते खोबरं खायचं नाही.”

तिने खोबऱ्याची वाटी डबीशेजारी ठेवली. तिच्या कपाळावरचा गुलाल न्हालेल्या केसांच्या पाण्याने भिजून भुवयांकडे उतरला होता. किती वर्षांचे खोबरे, किती रविवार, मी मोजायला गेले नाही.

“आन् त्याला काय लावू?” देवाकडे बोट करून तिने विचारले.

“दवणा वाहू. हळद वाहू, घरची, आपण दळलेली. रक्तही तपासून घेऊ या, दोघींचं. उद्याच जाऊ.”

“तू पाळण्यात असल्यापासनं तुला लावलाय,” ती हळूच म्हणाली.

ती उठली, मोरीपाशी गेली आणि नळ सोडून हात धुऊ लागली, नवे दगड आणायला गेलो होतो तेव्हा धुतले होते तसेच, साबण घेऊन, नखांतून. पाणी गुलाबी होऊन वाहू लागले. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिचे हात माझ्या हातांत घेऊन नळाखाली तिरके धरले. ओंजळीत पाणी साचू नये, रंग खाली वाहून जावा, म्हणून. तिच्या तळव्यांना चिरा होत्या, भाकऱ्यांनी भाजलेल्या, थंडीने उललेल्या. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे मी डोळे फाडून पाहत होते. वरचा गुलाल गेला, बोटे स्वच्छ झाली. चिरांच्या तळाशी मात्र अजून गुलाबी दिसत होते, आणि मी नळ आणखी मोठा केला.